भिंतीत गेलं ते भिंतीचं

४ नोव्हेंबर

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच फेकलं असतंस, म्हणून पत्ता छापून चिकटवलाय. आता उघडलंच आहेस तर वाच. माझा फोन तू उचलत नाहीस. निरोप दलालाकरवी पाठवतेस, आणि तो बिचारा "तुमच्या भगिनींचं म्हणणं असं आहे" अशी सुरुवात करतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. सख्ख्या बहिणींच्या मध्ये घरं विकणारा माणूस! आई असती तर दोघींच्या कानाखाली वाजवली असती.

कामाचं बोलते. फ्लॅट विकायला माझी ना नाही. डिसेंबरअखेर ताबा द्यायचा, तेही मान्य. मला फक्त आईच्या खोलीतली भिंत हवी आहे. तिची खोली आणि बैठकीची खोली यांच्या मधली. ती नुसती आडोशाची भिंत आहे, कापून काढली तर इमारतीचं काही बिघडत नाही, कमिटीलाही विचारून झालंय. पण घर दोघींच्या नावावर, त्यामुळे तुझी सही लागेल. कागद सोबत आहे.

"मॅडमनी खोलीत माती आणलीय," असं दलालाने तुला सांगितलंच असेल. आणलीय. फार जुन्या वस्त्यांमध्ये लोक घराच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा हात देत, वर्षानुवर्षं, थरावर थर. घरातलं माणूस गेलं की त्याचं काहीतरी त्या थरांखाली जायचं, असं मी वाचलं. त्यात खरं किती आणि पंडितांचा अंदाज किती ते जाऊ दे. मी माझ्यापुरता नियम केला. आई गेल्यापासून माती वस्त्रगाळ करते, पिठाच्या खळीत कालवते आणि तळहाताने भिंतीवर पसरते. थापी नाही, ब्रश नाही. वाळली की वर आईचं काहीतरी. ब्लाउजचं अस्तर, रेडिओच्या मागची जाळी, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी, जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह, उशीचा अभ्रा. कुठे मेण ओतलंय, कुठे राख घासलीय. मग परत माती. भिंतीत गेलं ते भिंतीचं, परत काढायचं नाही. हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

हो, तू तीन दिवसांत पोती बांधून दानाला काढलेल्याच या वस्तू. मी ती पोती जिन्यातून परत वर ओढून आणली तेव्हा "माती कालवण्यापलीकडे तुला काय येतं" असं म्हणाली होतीस. बरोबर बोललीस. तेच येतं.

आता भिंत वीतभर जाड झालीय. कापली की कडेला सगळे थर दिसतील, मिटलेल्या पुस्तकाची पानं दिसतात तसे. इथल्या संग्रहालयाला ती हवी आहे. कापणारी माणसं तेवीस डिसेंबरला येतील. ताई, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझं काहीतरी हवं आहे. माझं वय तुला माहीत आहे. आता लोकांना मला "होतकरू" म्हणायचीही लाज वाटते.

सही कर आणि पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी


१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तार! "आईने माझ्यासाठी विणायला घेतलेला मोरपंखी स्वेटर पाठव. मिळाला की सही करते." ना मायना, ना खुशाली. बाकी काही लिहू नकोस असं मीच म्हटलं होतं म्हणा. माझंच चुकलं.

बघते. घर भरून सामान आहे, कुठे ठेवला गेला कोण जाणे. आईची कात्री आहे, ती जड काळी, जिला आपण हात लावला की ओरडायची. ती चालेल का? किंवा तिचं मनगटी घड्याळ. चालत नाही, पण पट्टा तोच आहे.

आणि एक विचारू का? तो तुझ्यासाठी होता हे तुला कुणी सांगितलं? लोकरीचे गुंडे आणले तेव्हा मी समोर बसले होते. "हा रंग कसा वाटतो ग?" असं तिने मला विचारलं होतं. मी छान म्हटलं. मग कुणासाठी म्हणायचा? मी विचारलंसुद्धा. तर म्हणाली, "होईल त्याला होईल." तू तिकडे थंडीत राहतेस म्हणून जगातली सगळी लोकर तुझीच, असं काही नसतं.

इथे माझ्या नाकी नऊ आलेत. संग्रहालयाची बाई, मी तिला चष्मेवाली म्हणते, दर दोन दिवसांनी येते आणि भिंतीपुढे मान वाकडी करून उभी राहते. तिला कामाला नाव हवंय. मी म्हटलं "भिंत". ती म्हणाली, "काळाशी काहीतरी संबंध हवा." म्हटलं, बाई, वाळायला किती काळ लागतो ते या थंडीत मला विचारा. शेवटचा थर आठवडा झाला तरी ओला आहे. हीटर लावला तर तडे जातात, नाही लावला तर खालच्या काकांच्या छताला ओल येते. मग ते वर येऊन दारात उभे राहतात आणि एक शब्दही न बोलता वर बोट दाखवतात, जणू छत माझ्या डोक्यावर आहे.

स्वेटर शोधते. पण तारखेचं विसरू नकोस.

मी


३० नोव्हेंबर

ताई,

सापडला! माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात. सोबत पाठवलाय. पुढचा आणि मागचा भाग झालाय, एक बाही झालीय, दुसरी सुईवर आहे. जपून उघड, टाके निसटतील. लोकर जरा नवी वाटेल, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला होता म्हणून. आईला तर तू ओळखतेसच, पिशवीतही पिशवी घालायची. वासही गेलाय, तेही त्याच पिशवीमुळे.

आता तुझं तुला मिळालं. सहीचा कागद परत नव्याने जोडलाय, पहिला हरवला असशील म्हणून. लवकर पाठव ग. चष्मेवालीचा जीव टांगणीला लागलाय आणि ती माझा टांगतेय.

तिकडे बर्फ पडायला लागलं का?

धाकटी


११ डिसेंबर

ताई,

हो. खोटा आहे.

"आई डावखुरी होती. तिचे टाके उलट्या अंगाला कलतात. चाळीस वर्षं समोर बसून तुला ते दिसलं नाही, आणि म्हणे चित्रकार!" एवढं लिहिण्याऐवजी माझ्या थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. दोन दिवस मी पत्र उघडून वाचत होते आणि पुन्हा बंद करत होते. राग तुझा येत होता, कारण तुझं खरं होतं.

खालच्या काकूंकडून विणून घेतला. काका वर बोट दाखवायला येतात आणि ते गेले की काकू चहा प्यायला येतात, असा आमचा शेजार आहे. रंग मी बरोबर जुळवला होता. रंगात मला कुणी फसवू शकत नाही. पण टाके! सुया, विणकाम वगैरे मला कधी जमलंच नाही, तू आईच्या मांडीशी बसून शिकलीस, मी जमिनीवर खडूने रेघोट्या ओढत होते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पहिल्यांदाच लपवलं आणि पहिल्या फटक्यात सापडलं.

खरा स्वेटर भिंतीत आहे.

तू परत गेलीस त्याच आठवड्यात घातला. तेव्हा भिंतीवर नुकतेच थर चढायला लागले होते. अर्धवट बाही, त्यात सुया तशाच, टोकाला एक टाका निसटायच्या बेतात. तो खुर्चीवर पडलेला असायचा आणि मला त्या खोलीत जाता येत नव्हतं. माझाच आहे असं समजून, पातळ मातीत बुडवून, बाह्या पसरून, सुयांसकट भिंतीला लावला आणि वर हात फिरवला. त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. तुला विचारायला हवं होतं म्हणतेस. कुठे विचारायचं? दलालाला?

आणि आता ऐक, म्हणजे माझी काय गत झालीय ते कळेल. गेल्या आठवड्यात संग्रहालयवाल्यांनी कडेचा छोटा तुकडा कापून बघितला. सगळे थर पांढरे, करडे, मळकट, आणि मधूनच एक मोरपंखी रेघ. सरळ, बारीक, ओल्या रंगासारखी ताजी. चष्मेवाली खाली बसली आणि रेघेला नाक लावून बघत राहिली. आता त्या रेघेचा फोटो त्यांना सगळीकडे लावायचाय. लोकांनी थांबून बघावं असं मी आयुष्यात काही केलं असेल तर ती रेघ आहे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सही हवी तर तुला स्वेटर द्यायला हवा. स्वेटर द्यायचा तर भिंत फोडायला हवी. आणि भिंत फोडली तर तुझी सही घेऊन काय चुलीत घालू?

म्हणून मागते आहे. स्वेटर सोड. तो तिथे सुरक्षित आहे, कसर लागणार नाही, कुणी फेकणार नाही. कापल्यावर त्यातला थोडा भाग जाईल, पण बाकीचा तुझ्या-माझ्यानंतरही राहील. हवं तर भिंतीच्या खाली तुझंही नाव लिहू. हे लाच दिल्यासारखं वाटतंय ना? लाचच आहे.

धाकटी


१७ डिसेंबर

ताई,

काहीच उत्तर नाही. बरं आहे तुझं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि इथे शेळ्या माझ्या उरावर.

आज दलालाचा फोन आला, "तुमच्या भगिनींचं काही म्हणणं नाही." म्हणणं नाही हे सांगायला फोन! मी त्याच्यावर ओरडले. मग वाईट वाटलं, त्याची काय चूक? मग तुझ्यावर मनातल्या मनात ओरडले, त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

चष्मेवाली म्हणते, सही वेळेत आली नाही तर ते दुसऱ्या कुणाचं काम घेतील. त्यांच्या यादीत एक माणूस आहे, तो जुनी दारं एकावर एक रचतो. दारं! ताई, मी दारांपुढे हरणार.

काल मला तुझी खूप चीड आली आणि मी भिंतीशी भांडले. अगदी मोठ्याने. "तिला सगळं सोडून गेलेलं चालतं, आणि वर स्वेटरही हवा." दर रविवारी फोन करायचीस, हे मला माहीत आहे. पण फोन ठेवल्यावर आईला उठवून बाथरूमला कोण न्यायचं, तेही तुला माहीत असायला हवं. आईला न्यायचा मला कंटाळा यायचा, हेही लिहून टाकते. तू नव्हतीस म्हणून तो कंटाळा मला कुणाला सांगता आला नाही.

हे पत्र पाठवू नये असं वाटतंय. पाठवते.

धाकटी


२२ डिसेंबर

ताई,

सही आली.

आनंदाने नाचायला हवं होतं. पाकीट फोडलं, सही बघितली, आणि मग तिला टाचलेली तुझी चिठ्ठी. "रविवारी फोनवर मागून सुयांचा आवाज यायचा. काय करतेस विचारलं की विणतेय म्हणायची. मला वाटायचं, माझ्यासाठी. तुझ्याकडे आई होती, माझ्याकडे तो आवाज होता. राहू दे. सही केलीय. कर काय करायचं ते."

असं कुणी देतं का ग? भांडायचं होतंस, अटी घालायच्या होत्यास, वकील पाठवायचा होतास. मी सगळ्याला तयार होते. मी उत्तरं पाठ केली होती. आणि तू एकदम "राहू दे" म्हणून हात झटकलेस. लहानपणी खिडकीजवळची जागा अशीच द्यायचीस. आधी तासभर भांडायचीस आणि मग "घे" म्हणून उठायचीस, की खिडकीतून बाहेर बघायची इच्छाच मरायची.

चष्मेवालीला फोन करून सही आल्याचं सांगितलं. ती फोनवर किंचाळली. उद्या सकाळी माणसं येणार आहेत, यंत्र घेऊन. खालच्या काकांना सांगून आले की उद्या आवाज होईल. ते म्हणाले, "एकदाचं होऊ दे बाई!" त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं वाक्य.

सगळं मनासारखं झालंय. मला कशाचा एवढा संताप येतोय तेच समजत नाही.

धाकटी


२४ डिसेंबर

ताई,

भिंत फोडली.

कापली नाही, फोडली. मीच. माणसं आली, त्यांनी जमिनीवर ताडपत्री अंथरली, यंत्राला वायर जोडली. चष्मेवाली खडूने खुणा करत होती, कुठून कापायचं ते. ती मोरपंखी रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "इथून सरळ आरपार." मी म्हटलं, थांबा. स्वयंपाकघरातून हातोडी आणि छिन्नी आणली. तिला वाटलं मी काहीतरी कलाकाराचं करणार आहे, म्हणून ती आदराने बाजूला झाली. पहिला घाव घातला तेव्हा तिला कळलं.

ती खूप बोलली. मी वेडी आहे, कृतघ्न आहे, पुन्हा कुणी मला दारात उभं करणार नाही. सगळं बरोबर होतं. मग ती माझा हात धरायला आली, आणि मग रडायला लागली. तिच्यासाठी वाईट वाटलं, तिने माझ्यासाठी खूप धावपळ केली होती. कापणारी माणसं खिडकीत बसून चहा पीत होती. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, आम्ही थांबायचं का जायचं?" माझी हातोडी चालूच होती, म्हणून ती थांबली.

थर पडत होते. अस्तर, जाळी, मेण, निगेटिव्ह, सगळं एकामागून एक खाली. जे लावायला दोन वर्षं लागली ते दुपारच्या आत ताडपत्रीवर आलं, आणि त्यामागची आडोशाची भिंतही. स्वेटर सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो फळीसारखा कडक झाला होता. बाथरूममध्ये बादलीत घातला. पाणी दुधासारखं पांढरं झालं, ते ओतलं, पुन्हा पांढरं, पुन्हा ओतलं. मग हळूहळू रंग दिसायला लागला. चष्मेवाली बाथरूमच्या दारात येऊन उभी होती. जाताना तिने मला टॉवेल दिला.

आज तो हीटरपुढे वाळला. मी घालून बघितला. माझाच ना तो, म्हणून. डोकं गेलं आणि खांद्यांशी अडकला. ओढून बघितला, होईना. तुला तर मुळीच होणार नाही, तू माझ्याहून रुंद आहेस. रागावू नकोस, आहेस.

मग टेबलावर सपाट पसरला, तेव्हा दिसलं. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. चुकून नाही, माती लागूनही नाही. टाके मोजूनमापून घटवलेत. मला टाक्यांतलं काही कळत नाही, म्हणून काकूंना वर बोलावलं. त्यांनी बोट लावून दाखवलं. आई जिन्यावरून पडली होती, त्यानंतर हाड जुळलं पण डावा खांदा उतरला तो उतरलाच. प्रत्येक ब्लाउजच्या वेळी ती शिंप्याला बजावायची ना, "डावीकडे बोटभर कमी घे"? तेच बोटभर.

स्वतःसाठी विणत होती ग ती!

मोरपंखी! जन्मभर राखी आणि तपकिरी घालणारी बाई. "आता या वयात कुठे रंगीत" म्हणणारी. मला विचारत होती, हा रंग कसा वाटतो, आणि मी मोबाइलमधून डोकं वर न काढता छान म्हणाले, माझ्यासाठी आहे असं समजून. तू तिकडे सुयांचा आवाज ऐकत होतीस, तुझ्यासाठी आहे असं समजून. आपण दोघी महिनाभर ज्याच्यावरून भांडलो, त्यात आपण दोघी नव्हतोच. मी टेबलाशी बसून हसले, आणि मग काकूंनी मला धरलं.

संग्रहालयात आता दारं लागणार आहेत. मला राग आहे, खूप आहे, तुझ्यावर, आईवर, दारांवर, माझ्यावर सगळ्यात जास्त. मातीचा ढिगारा कुणी उचलायचा यावरून काका पुन्हा वर बोट दाखवून गेले, या वेळी खाली बोट दाखवायला हवं होतं. पण झोप लागतेय.

स्वेटर पाठवणार नाही. पोस्टात द्यायचा धीर होत नाही. काकू म्हणाल्या, बाही मी पुरी करून देते. नको म्हटलं.

तुझी सही परत पाठवतेय, सोबत आहे. आता तिचा कुणालाच उपयोग नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती कधी नकोच होती ग. चार नोव्हेंबरला मी "सही पाठव" लिहिलं तेव्हा "तू ये" असं लिहायला हवं होतं, पण तसं लिहिलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?

आता लिहिते. एकतीस तारखेला किल्ली द्यायची आहे. तोपर्यंत घर आपलं आहे. दोन खोल्यांची एक झालीय, सगळीकडे धूळ आहे, बसायला एकच खुर्ची आहे. तू ये.

धाकटी